खाज कातडीची, नंबर डोळ्याचा

डॉक्टर, नमस्कार. जत तालुक्यातून लिहिते आहे. माझ्या मुलाला लहानपणापासून इसब आहे. आधी गालांवर होतं, मग कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत गेलं, आता दोन वर्षांपासून मानेवर आणि पापण्यांवर आलंय. तो 19 वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. डोळे सारखे चोळतो. दीड वर्षात चष्म्याचा नंबर तीनदा काढला, तरी उजव्या डोळ्यानं नीट दिसत नाही म्हणतो. चष्मेवाले म्हणतात मोबाइल कमी करा. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे, त्या रात्री डोळ्यांवर एरंडेल लावतात. मी पापण्यांना मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावते. दोन दिवसांत बरं वाटतं, आठवड्यात परत तेच. स्किनच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मुलाला लेसर करून चष्मा घालवायचाय, पैसेही साठवलेत. करावं का? इसबाचा आणि डोळ्यांचा खरंच काही संबंध असतो का? तिन्ही चिठ्ठ्यांचे आणि ट्यूबचा फोटो सोबत पाठवते.
— एक आई

ताई,

आधी लेसरचं सांगते, कारण घाई त्याचीच आहे. आत्ता करू नका. पैसे आहेत तिथेच राहू द्या. का, ते तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठ्यांतच लिहिलंय.

तिन्ही चिठ्ठ्या मी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. उजव्या डोळ्याचा सिलिंडर नंबर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या काचेच्या वाकडेपणासाठी लागणारा नंबर, पहिल्या चिठ्ठीत 1.25, दुसरीत 2.25, तिसरीत 3.75. डाव्याचा 0.75 वरून 1.50 वर आलाय. ॲक्सिसचे, म्हणजे त्या नंबराच्या कोनाचे, आकडेही दर वेळी सरकलेत. मोबाइलनं असं होत नाही. मोबाइलवर खापर फोडणं सोपं असतं आणि पोरंही गप्प बसतात, पण फार जवळचं पाहून वाढतो तो सहसा साधा मायनसचा नंबर, आणि तोही बहुधा दोन्ही डोळ्यांत बरोबरीनं. एका डोळ्याचा सिलिंडर वर्ष-दीड वर्षात असा उड्या मारत वाढला, तर त्याचा अर्थ डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, म्हणजे कॉर्नियाचा, आकार बदलतोय. वाटोळ्या घुमटाचा हळूहळू शंकू होतो. या आजाराला केरॅटोकोनस म्हणतात. तुमच्या मुलाला तोच आहे असं मी फोटोवरून ठामपणे म्हणणार नाही, तसं कुणीच म्हणू नये. पण इसब, डोळे चोळणं, 19 वर्षांचं वय आणि या तीन चिठ्ठ्या एकत्र पाहिल्यावर माझ्या मनात दुसरं नाव आधी येत नाही.

कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. लेसरनं चष्मा घालवतात म्हणजे त्याच अर्ध्या मिलिमीटरातला थोडा भाग उडवून त्याला नवा आकार देतात. जो कॉर्निया आधीच कमकुवत होऊन पुढे झुकतोय, त्याला आणखी पातळ केलं तर तो फुगतच जातो. मग चष्म्यानं भागत नाही, आणि काही जणांची गाडी कॉर्निया बदलण्यापर्यंत जाते. कोणतंही चांगलं रुग्णालय लेसरआधी कॉर्नियाचा नकाशा काढतं आणि नंबर वर्षभर स्थिर आहे का ते विचारतं. हे दोन्ही न करता कुणी तारीख देत असेल तर तिथून उठून या.

आता तुमचा खरा प्रश्न, इसबाचा डोळ्यांशी संबंध असतो का. असतो, आणि जुना आहे. अंगभर येणाऱ्या या इसबाला पुस्तकात ॲटोपिक डर्मटायटिस म्हणतात. तो ओळखायचा कसा, याचे निकष हॅनिफिन आणि रायका या दोन डॉक्टरांनी 1980 मध्ये मांडले. जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ ते अजून शिकतात. त्या यादीतल्या दुय्यम खुणांमध्ये केरॅटोकोनस आहे, कमी वयातला एक विशिष्ट मोतीबिंदू आहे, वारंवार डोळे येणं आहे, डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळं आहेत, खालच्या पापणीखाली पडणारी जादा घडीही आहे. म्हणजे कातडीचा आजार ओळखण्याच्या यादीतच डोळा बसलेला आहे. तरी स्किनचे डॉक्टर म्हणतात डोळ्यांकडे जा आणि आम्ही डोळ्यांचे डॉक्टर म्हणतो कातडीकडे जा. या धावपळीत तुमच्यासारख्या आयांच्या चपला झिजतात. त्यात चूक आमचीही आहे.

संबंध का, तर दोन कारणं. पहिलं घडणीतलं. गर्भात बाळाची वरची कातडी ज्या थरातून तयार होते, त्याच थरातून कॉर्नियाचं वरचं आवरण आणि डोळ्यातलं भिंगही तयार होतं. पापणीची कातडी आत वळते आणि तिथूनच डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण सुरू होतं. तेव्हा ज्याच्या अंगात ॲलर्जीचा स्वभाव आहे, त्याची ॲलर्जी पापणीच्या काठावर थांबत नाही. कातडीला इसब, नाकाला शिंका, छातीला दमा, डोळ्याला खाज, असं ते एकच घराणं.

दुसरं कारण आहे हात. मला विचाराल तर जास्त नुकसान हाच करतो.

खाज सुटली की मुलगा डोळे कसे चोळतो, ते एकदा नीट बघा. त्याला सांगू नका, नुसतं बघा. कुणी बोटाच्या टोकानं कोपरा खाजवतं, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. कुणी मात्र तर्जनीचं मधलं पेर वाकवून डोळ्यात रुतवतं आणि खिमट घोटावं तसं गोल गोल फिरवतं. मिनिटभर चालतं, मग उसासा टाकून थांबतं. आमच्या बाकावर अशी मुलं बसलेली असतात. आई आत मला सांगत असते की हल्ली चोळत नाही हो तो, आणि दाराच्या फटीतून मला तो दिसत असतो. त्या दाबानं कॉर्नियातले तंतू दिवसेंदिवस सैल पडत जातात. चोळण्यानंच केरॅटोकोनस होतो असं नाही, घराण्यातून येणारा भागही असतो. पण ज्याच्या कॉर्नियात आधीच कच्चेपणा आहे, त्याचं चोळणं आगीत तेल ओततं. उजव्या हातानं चोळणाऱ्याचा उजवा डोळा पुढे जातो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. तुमचा मुलगा उजवखोरा आहे का?

इथे माझी एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक शाळकरी मुलगा यायचा. कोपरं खरबरीत, ओठांभोवती पांढुरके डाग. मी दोनदा त्याचा नंबर बदलून दिला, वाढतं वय आहे म्हणाले. तिसऱ्या वेळी टॉर्चसारख्या एका उपकरणानं डोळ्यात तिरीप टाकली, तर आतली सावली कात्रीच्या पात्यांसारखी उघडझाप करू लागली. ती केरॅटोकोनसची खूण. पहिल्या भेटीत मी ते उपकरण हातात घेतलंच नव्हतं, कॉम्प्युटरनं काढलेल्या नंबरावर भागवलं होतं. पुढे त्या मुलाच्या उजव्या कॉर्नियावर पांढरा व्रण आला आणि कॉर्नियाच बदलावा लागला. तेव्हापासून सिलिंडर वाढत असलेल्या प्रत्येक मुलाच्या बाह्या मी वर करायला सांगते. डोळ्यांचे डॉक्टर कोपर का बघतात म्हणून लोक हसतात.

आता त्या ट्यूबबद्दल. फोटो मोठा करून वाचला. तीन औषधांचं मिश्रण आहे, क्लोबेटासोल, निओमायसिन आणि मायकोनाझोल. यातलं क्लोबेटासोल हे लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जोरदार. तळपायाच्या जाड कातडीवरसुद्धा ते मोजून-मापून वापरायचं असतं. पापणीची कातडी सगळ्या अंगात पातळ, तिच्यावर ते दोन वर्षं लागतंय. निओमायसिन या अँटिबायोटिकची तर कित्येकांना ॲलर्जी असते, म्हणजे ज्या खाजेवर तुम्ही ते लावता, ती खाज त्याचीच असण्याची शक्यता उरते. आणि मायकोनाझोल तर बुरशीचं औषध, ते इसबाला कशाला हवं? अशी स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून 2018 मध्ये सरकारनं ती शेड्यूल एच मध्ये घातली. मेडिकलवाल्यानं मागितल्याबरोबर काढून दिली, यात तुमचा दोष नाही, ताई. आईनं खाजणाऱ्या पोराला मलम लावलं, यात काय चुकलं?

पण धोका समजून घ्या. पापणीवर लावलेलं स्टेरॉइड थोडं थोडं डोळ्यात उतरतं. स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे चालू राहिले, तर साधारण तिघांतल्या एकाच्या डोळ्यातलं प्रेशर मध्यम वाढतं, आणि 100 पैकी 5-6 जणांचं खूप वाढतं. मलमातून ते कमी पोचतं, पण दोन वर्षं हा काळही थोडा नाही. वाढलेलं प्रेशर दुखत नाही. कडेची नजर आधी जाते, समोरचं दिसत राहतं म्हणून पेशंटला पत्ता लागत नाही. हाच स्टेरॉइडचा काचबिंदू, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. स्टेरॉइडनं भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदूही धरतो. निदान त्याचं ऑपरेशन होतं. मुलाला इसबासाठी कुणी कंबरेत इंजेक्शनं दिली असतील, नाव न लिहिलेल्या पुड्या दिल्या असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. लाजू नका आणि कुणाला सांभाळून घेऊ नका.

ट्यूब पापण्यांवरून आजच बंद करा. बंद केल्यावर आठवडाभर लाली आणि जळजळ वाढेल, तुम्हाला वाटेल डॉक्टरीणबाईंनी उलटंच केलं. तेवढ्यात ट्यूबकडे परत जाऊ नका, स्किनच्या डॉक्टरांकडे जा. पापणीसाठी टॅक्रोलिमस नावाचं मलम असतं. ते स्टेरॉइड नाही. त्यानं प्रेशर वाढत नाही आणि कातडी पातळ होत नाही. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या जिवाणूपासून ते 1984 मध्ये सापडलं, आधी अवयव बदललेल्या रुग्णांसाठी वापरलं गेलं. सुरुवातीचे काही दिवस चुणचुणतं. ट्यूब फ्रीजमध्ये ठेवून गार लावली की कमी चुणचुणतं. कातडीचं मलम डोळ्याच्या आत घालायचं नाही, डोळ्याच्या आत घालायचं वेगळं येतं. अंगावरच्या इतर इसबाला मात्र डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड योग्य ताकदीत, योग्य दिवस लावायला घाबरू नका. भीतीपोटी सगळंच बंद करणारेही मी पाहिलेत. त्यांची पोरं रात्रभर खाजवत बसतात, आणि डोळा खाजवायला तेच हात असतात.

सासूबाईंना एरंडेल थांबवायला सांगा, पण माझं नाव सांगून. घरात तुमच्यावर नको. सुजलेल्या, चिरा पडलेल्या पापणीवर चिकट तेल रात्रभर राहिलं की धूळ त्यात रुतून बसते. उष्णता म्हणतात ती चूक नाही म्हणा. उन्हाळ्यात, घामानं, मैदानाच्या मातीनं खाज वाढते, हे खरंच आहे. त्यांचा हात गुंतवायचा असेल तर रात्री उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ सुती कापड भिजवून त्याची घडी पाच मिनिटं मिटल्या डोळ्यांवर ठेवायला सांगा. चोळायची हुक्की येते तेव्हा हीच घडी सगळ्यात लवकर काम करते. गुलाबपाणी, मध, कापूर, काही घालू नका.

भरतीच्या सरावावरून आल्यावर त्यानं आधी तोंड साध्या पाण्यानं धुवावं, टॉवेलनं टिपावं, घासू नये. आंघोळ कोमट पाण्यानं, थोडक्यात, आणि कातडी ओलसर असतानाच अंगभर व्हॅसलीन किंवा साधं वास नसलेलं मॉइश्चरायझर. हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. तरी लिहिते, कारण अंगाची खाज निवली की झोप लागते, आणि झोपेत नकळत चोळणारा हात थांबतो. उशीचा अभ्रा दर आठवड्याला गरम पाण्यात. कापसाची जुनी गादी असेल तर तिला खोळ घाला, तिच्यातले धुळीतले किडे या घराण्याचे खास शत्रू. झोपताना तो पालथा, डोळा उशीत दाबून झोपतो का, तेही बघा.

डॉक्टरांकडे काय मागायचं, ते नीट लक्षात ठेवा, कारण बाहेरगावी जाऊन अर्धवट तपासण्या करून परतणं परवडत नाही. मिरज किंवा सांगलीच्या एखाद्या मोठ्या डोळ्यांच्या रुग्णालयात आधी फोन करून विचारा, कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा, होते का. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, म्हणून त्या दिवशी मुलाला मोटरसायकल चालवत नेऊ नका. टोपोग्राफी, डोळ्याचं प्रेशर, आणि बाहुली मोठी करून भिंग व मागचा पडदा, या तिन्ही गोष्टी एकाच फेरीत होतात. पडदा का, तर डोळ्यावर वर्षानुवर्षं बुक्क्या मारणाऱ्या, जोरानं चोळणाऱ्या इसबाच्या रुग्णांत तो सुटण्याचीही उदाहरणं आहेत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर टोपोग्राफीआधी किती दिवस काढून ठेवायची ते फोनवरच विचारा.

टोपोग्राफीला काही दुखत नाही. हनुवटी टेकवायची, समोर बघायचं, यंत्र डोळ्याला न शिवता चित्र काढतं. निघतो तो हवामान खात्याच्या नकाशासारखा रंगीत कागद. निळा-हिरवा म्हणजे सपाट, पिवळा-लाल म्हणजे उंचवटा. केरॅटोकोनसमध्ये लाल डाग बहुधा मध्याच्या थोडा खाली बसलेला असतो.

तो दिसला तर? तर घाबरू नका, वेळेत गेलात असं समजा. यावर कॉर्निया घट्ट करायची एक पद्धत आहे, क्रॉस-लिंकिंग. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी ती बसवली आणि 2003 मध्ये तिचे पहिले निकाल छापले. रायबोफ्लेविन, म्हणजे बी 2 जीवनसत्त्व, त्याचे पिवळे थेंब अर्धा तास कॉर्नियात मुरवायचे आणि मग अर्धा तास अतिनील किरण टाकायचे. तंतूंमध्ये नवे टाके पडतात म्हणा. हल्ली कमी वेळात करणाऱ्याही पद्धती आहेत. दोन-तीन दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी येतं, नंतर काही आठवडे नजर धूसर राहते. एक गोष्ट मुलाला आधीच स्पष्ट सांगा. यानं चष्मा जात नाही. आजार जिथे आहे तिथे थांबवायचा, हा याचा हेतू. नजर सुधारायला नंतर कडक किंवा स्क्लेरल, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी, कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात. कॉर्निया फार पातळ झाला की क्रॉस-लिंकिंगही नीट करता येत नाही, म्हणून पुढच्या भरतीनंतर बघू असं करू नका. आणि ॲलर्जी आटोक्यात न आणता ते केलं आणि मुलगा परत चोळायला लागला, तर घातलेले टाके उसवल्यासारखंच. त्यामुळे ॲलर्जीचे थेंब आधी सुरू होतील. त्यांत स्टेरॉइड आहे का, हे दर वेळी विचारायचं.

भरतीच्या वैद्यकीय निकषांचं त्यानं जाहिरातीतून नीट वाचून घ्यावं. त्याला वाटेल आईनं त्याचं स्वप्न मोडलं. त्याला सांगा, लेसरनंतर फुगलेला डोळा घेऊन मैदानावर उतरण्यापेक्षा आज निदान काढणं बरं. मुलं आईचं ऐकत नाहीत, तर हा कागद वाचायला द्या.

काही वेळा थांबायचं नसतं. डोळा अचानक पांढरट होऊन दुखायला आणि पाणी यायला लागला. पापणीवर एकसारख्या बारीक फोडांचा घोस आला आणि ताप आहे. वीज चमकल्यासारखं दिसतंय किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटतंय. यात त्याच दिवशी डॉक्टर. फोडांचं प्रकरण नागिणीच्या जातीच्या विषाणूचं असू शकतं, त्यावर स्टेरॉइड लावलं तर ते पसरतं.

हे पत्र सोरायसिसचे रुग्णही वाचतील, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. त्यांचं डोळ्याचं दुखणं वेगळं. डोळ्याला खाज नसते, तो आतून ठणकतो, लाल होतो, उजेड सहन होत नाही. विशेषतः सांधे किंवा कंबर सकाळी आखडत असेल, तर ती डोळ्याच्या आतली सूज असू शकते, तिला युव्हिआयटिस म्हणतात. डोळे आले म्हणून मेडिकलचे थेंब घालत बसू नका. गालांवर कायम लाली आणि पापणीवर परत परत रांजणवाडी येणाऱ्यांनी रोझेशियाबद्दल विचारावं, त्यात पापणीच्या काठावरच्या तेलग्रंथी तुंबतात.

घरात धाकटं भावंड असेल आणि त्यालाही शिंका, खाज, चष्मा असेल, तर त्याचीही टोपोग्राफी करून घ्या. केरॅटोकोनस घरांतून चालत येतो.

अहवाल आला की मला पाठवा. पण रुग्णालयातून निघताना रंगीत प्रिंटच मागून घ्या. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर तो लाल डाग दिसत नाही.